माळ्यावरचा कोरा कुकर

सुकलाल, परवा रविवारी तुझे थोरले भाऊ नाना आपल्या खोलीवर आले होते. सोबत तुझी बायको, रतन वहिनी. तुझी दशक्रिया, गंधमुक्ती सगळं गावाकडे उरकून ते दोघं तुझं सामान न्यायला इथे सुरतला, लिंबायतला आले. मी तुझे कपडे आधीच घडी करून ठेवले होते, पेटी पुसून ठेवली होती. नानांनी पेटी पाहिली, कपडे पाहिले, आणि मग भांड्यांच्या फळीकडे वळून मला विचारलं, "यामाईन त्याना कुकर कोनता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. फळीवर एकच कुकर होता. पाच लिटरचा, एक कान तुटलेला, दांड्याला तू तार गुंडाळलेला. मी म्हणालो, "नाना, हाऊच. आमना दोन्हीस्ना."

नानांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "हाऊ नही. त्याना येगळा कोनता? तो ते सांगे, मी येगळंच रांधस म्हनीसन."

नानांनी स्वतःच स्टूल ओढलं आणि माळ्यावरचा तो खोका खाली काढला. आठवतो ना तुला तो खोका? तूच आणला होतास, बरीच वर्षं झाली त्याला. तीन लिटरचा कुकर. आपल्याकडे एक असताना हा कशाला, म्हणून मी विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे, पाव्हनास्ले लागी." पाहुणे आले नि गेले, खोका काही खाली आला नाही. मी विसरूनही गेलो होतो.

रतन वहिनींनी तो उघडला. झाकणाची रबरी रिंग अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती. वहिनींनी कुकर उलटा केला आणि बुडावरून हात फिरवला. बूड आरशासारखं लखलखीत. गॅसवर एकदाही चढलेलं नाही हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, कुकर परत खोक्यात घातला आणि खोका पिशवीत.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं, हे मला कळतं. आज मला ते जमणार नाही. तीन आठवडे मी तुझ्यासाठी रडलो, आता दोन दिवस तुझ्यावर चिडलोय, आणि भांडायला तू नाहीस म्हणून हे लिहितोय.

सोळा वर्षं, सुकलाल. मी पारोळ्याकडचा, तू अमळनेरकडचा. एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूमवर लागलो आणि मुकादमाने सांगितली ती खोली दोघांनी भाड्याने घेतली. एक खिडकी, एक नळ, एक शेगडी. मी बौद्ध आहे हे तुला पहिल्याच दिवशी कळलं, कारण पेटी उघडल्याबरोबर मी बुद्धाची तसबीर काढून खिळ्याला लावली. तू तुझी देवीची तसबीर काढलीस आणि म्हणालास, खिळा एकच शे, सरकी लेवो जरासं. दोन्ही तसबिरी एकाच खिळ्याला दोरी बांधून लटकवल्या. त्या अजून तशाच आहेत. नानांनी तुझी काढून नेली नाही, बहुतेक बघितलीच नसावी.

पहिल्या रविवारी तू कोंबडी आणलीस. बॉयलर. गावाकडे आपण बॉयलरला नाक मुरडायचो, इथे मात्र तीच परवडायची. तू म्हणालास, आज मी करस, तू बस. कांदा छान लाल केलास, घरून आणलेला काळा मसाला टाकलास, कोंबडी परतलीस, तांदूळ टाकलेस, पाणी टाकलंस, झाकण लावलंस, आणि मग शिट्या मोजत बसलास. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. मी म्हटलं, बंद कर. तू म्हणालास, "मिलिंद्या, कोंबडी काय एक शिटीमा शिजस का?" पाच शिट्या होऊ दिल्यास. तुझ्या डोक्यात गावरान कोंबडी. ती पाच शिट्यांनाही दाद देत नाही. ही बिचारी चाळीस दिवसांची. झाकण उघडलं तर आत कोंबडी नाही, भात नाही, एक पिवळी लापशी आणि तिच्यातून वर आलेली हाडं. तू वाडग्यात ओतून घेतलीस आणि एक घास खाऊन गंभीर तोंडाने म्हणालास, चांगली व्हयनी, चावानं काम नही. मी इतका हसलो की शेजारचा उडिया माणूस दारात येऊन बघून गेला.

त्यानंतर तो भात आपण दर रविवारी केला. माझी रीत मी तुला शिकवली आणि तुझा मसाला तू मला दिलास. कोंबडीला अर्धा तास दही, हळद, मीठ लावून ठेवायची. कांदा कुकरमध्येच तळायचा, दुसरं भांडं काढायचंच नाही. कोंबडी टाकली की झाकण न लावता परतत राहायचं, तिचं पाणी सुटून पार आटेपर्यंत. मग भिजवलेले तांदूळ, बेतानं पाणी, मोठ्या आचेवर एक शिटी, दोन मिनिटं बारीक आच, गॅस बंद. आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत कुकरला हात लावायचा नाही. हे शेवटचं तुला सोळा वर्षांत जमलं नाही. भूक लागली की चमच्याने शिटी उचलायचास, आणि हळदीचं पाणी भिंतीवर. त्या पिवळ्या डागांवरून आपण किती भांडलो. तू म्हणायचास, "काबर रे इतला तापी राहिना?" आणि वर म्हणायचास, मी रंगारी आहे, फुकटात भिंत रंगवतोय. मग दोन वाडगे भरायचे, वरून कच्चा कांदा, लिंबू, आणि खाली बसून जेवायचं. तुझ्या वाडग्यात मान जायची, माझ्यात कलेजी, हे कधी ठरवावंही लागलं नाही.

एरवी आठवडाभर आपली गाठ दाराशीच पडायची. तू दिवसपाळीला तर मी रातपाळीला. निघणाऱ्याने कुकर भरून ठेवायचा, डाळ-तांदूळ, मीठ, हळद, पाणी. येणाऱ्याने झोप काढून उठलं की फक्त गॅस पेटवायचा. अर्धं खायचं, अर्धं दुसऱ्यासाठी ठेवायचं. नवरा-बायकोत एवढी शिस्त नसते. बमरोलीचा माझा मावसभाऊ चिडवायचा, म्हणायचा, तुमचं लग्न लागलंय. तूच हसून म्हणायचास, हो, हुंड्यात कुकर मिळाला.

आता सांग, यातलं वेगळं काय होतं? कोणता दाणा तुझा आणि कोणता माझा, हे तू गावाला जाऊन कसं सांगत होतास?

मला राग येतो तो तू नियम पाळलास म्हणून नाही. श्रावणात तुमच्या घरी कानबाई बसायची, तू गावी जायचास, तिच्या प्रसादाचा रोट खाऊन यायचास. पहिल्या वर्षी मी म्हणालो, थोडा आणायचास की. तू मला समोर बसवून सांगितलंस, "रोट भाऊबंदकीना भाहेर देता येत नही. तुलेच काय, मना सख्खा मामाले बी नही." मला जराही वाईट वाटलं नाही. तुमच्या देवीचा नियम, तो सगळ्यांना सारखा, आणि तू तो माझ्या तोंडावर सांगितलास. तोंडावर सांगितलेलं मला चालतं. पाठीमागे मला वेगळ्या भांड्यात घातलंस, ते चालत नाही.

परवापासून एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उलगडतेय. नाना दोनदा सुरतला आले होते तुला भेटायला. दोन्ही वेळा तू मला म्हणालास, खोली लहान आहे, तू दोन दिवस बमरोलीला जाऊन ये. मी गेलो. पिशवीत दोन शर्ट घालून हसत हसत गेलो. जाताना तुमच्यासाठी कांदा चिरून ठेवून गेलो. मी परत आलो तेव्हा माळ्यावरचा खोका जरा पुढे सरकलेला होता. उंदीर असतील म्हणून मी कोपऱ्यात औषध टाकलं. आता कळतं, खोका नानांना दाखवायला खाली आला होता. हा माझा, तो त्याचा. आणि त्या दोन दिवसांत, नानांची पाठ वळल्यावर, जेवण कशात केलंस? आपल्याच कुकरमध्ये. कोरा कुकर तर कोराच राहिला. म्हणजे नाना माझ्या कुकरमधलंच जेवून गेले, आणि तुझं खोटं ऐकून समाधानाने ढेकर देऊन गेले. दोघांपैकी कोणाची कीव करू तेवढं सांग.

आणि तरी मला कावीळ झाली तेव्हाचं मी विसरू शकत नाही. डॉक्टरने दोन महिने तेल-मटण बंद सांगितलं. पहिल्या रविवारी मी म्हणालो, तू तुझी कोंबडी आण, मी वास घेईन. वरण-भात लावलास, दोन वाडगे भरलेस. दुसऱ्या रविवारीही तेच. नऊ रविवार तू कोंबडीला शिवला नाहीस. मी तुला शिव्या घातल्या, तेव्हा म्हणालास, एकटाले गोड लागत नही. खात्यात एकदा त्या नव्या पोराने माझ्या डब्याकडे बघून काहीतरी म्हटलं, तेव्हा तू त्याची कॉलर धरलीस आणि माझ्याच डब्यातला घास त्याच्यासमोर खाल्लास. मी तेव्हा तुला भाऊ मानलं. आता तोच घास मला गिळवत नाही. सुरतमध्ये कॉलर धरणारा तूच, गावात 'येगळं करस' म्हणणाराही तूच. राज्याची हद्द ओलांडली की तुझी जीभ बदलायची का?

त्या दिवशीचं तर मी बोलूच नये, पण बोलतो. पंधरा दिवस छातीत जळजळ म्हणत होतास आणि सोडा पीत होतास. मी म्हणालो, दवाखान्यात जा. तू म्हणालास, शनिवारी जास. त्या बुधवारी सकाळी सात वाजता मी रातपाळीवरून आलो, तू निघत होतास. दारात म्हणालास, कुकर भरी ठेयेल शे. मी झोपलो. अकरा वाजता खात्यातून माणूस उठवायला आला. तू मशीनपाशीच बसलास आणि बसलेलाच राहिलास. मग तुला घेऊन गावी, आणि मी तिसऱ्या दिवशी परत आलो तर शेगडीवर कुकर तसाच. डाळ-तांदूळ फुगून आंबलेले. झाकण काढलं आणि बसलो. तू दोघांचं भरलं होतंस. शेवटच्या सकाळीसुद्धा तुझ्या हाताला एकाचं माप आलं नाही. ते फेकताना मी लहान पोरासारखा रडलो.

म्हणून परवा नानांनी जे मागितलं ते मला फार लागलं. पेटी रिक्षात चढवल्यावर ते मला बाजूला घेऊन तुझ्या लेकीच्या लग्नाबद्दल म्हणाले, "पल्लवीनं जमी ऱ्हायनं. पोरगाना मानसं आठेच दिंडोलीमा शेतस, चवकशीले येतीन. तुले इचारतीन ते सांगी देजो, दोन कुकर व्हतात. पोरना जीवनना सवाल शे." मी चहा ठेवला होता, तो दोघांपैकी कोणी घेतला नव्हता. आत्ताच घेऊन आलो, म्हणाले. तरी मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही, मान हलवली. पल्लवी माझ्या डोळ्यांसमोर फोटोतून वाढली, तिचं वाकडं व्हावं असं मला कसं वाटेल? रिक्षा वळल्यावर मी आत आलो आणि आपला कुकर घासायला घेतला. घासलेला होता, तरी घासला. तुझ्या पोरीचं लग्न जमावं म्हणून मी माझ्याच तोंडाने माझा विटाळ होतो म्हणून सांगायचं, ही वेळ तू माझ्यावर आणलीस. जिवंत असतास तर मी तुझी कॉलर धरली असती.

हे इथवर काल लिहून थांबलो होतो. आज सकाळी पल्लवीचा फोन आला.

"काका, पल्लवी बोलते. वेळ आहे का?"

मी म्हणालो, बोल बेटा.

म्हणाली, "पप्पा दिवाळीला आले की कुकरमध्ये चिकन-भात करायचे ना, तो कसा करायचे? आई म्हणाली, काकांना विचार. सव्वा महिना झाल्यावर मी करणारे. मोठे पप्पा नको म्हणतात, पण मी करणारे. सांगा, मी लिहून घेते."

तू गावी जाऊन तोच भात करायचास, हे मला तेव्हा कळलं. मी सांगायला लागलो. अर्धा किलो कोंबडी, दोन वाट्या तांदूळ, तीन मोठे कांदे. ती लिहिता लिहिता थांबली.

"काका, हे तर दोघांचं झालं. पप्पा एकट्यापुरतं किती घ्यायचे?"

मी फळीवरच्या कुकरकडे बघितलं.

"तुमचं वेगळं असायचं ना?" ती म्हणाली. विचारताना तिचा आवाज अगदी सावध होता.

माझ्यासमोर नाना आले. दिंडोलीची माणसं आली, ज्यांना मी अजून बघितलेलंही नाही. मान हलवायला फोनवर सोय नसते, बोलावंच लागतं. मी म्हणालो, "नाही पल्लवी. वेगळं कधीच नव्हतं. सोळा वर्षं आम्ही एकाच कुकरमधलं जेवलो. आईने नेला तो कुकर नुसता दाखवायचा होता. एकट्याचं माप मला माहीत नाही, तुझ्या पप्पांनाही माहीत नव्हतं."

मला वाटलं, झालं, पोरीचं जमलेलं मी मोडलं.

"आई म्हणाली होती, बूड कोरं आहे म्हणून," पल्लवी म्हणाली. "मोठ्या पप्पांसमोर नाही बोलली. काका, ती दिंडोलीची माणसं आली ना, तर त्यांनाही हेच सांगा. लग्नानंतर कळून मला ऐकवत बसण्यापेक्षा आत्ताच कळू दे." आणि मग लगेच, "बरं, दोन वाट्यांना पाणी किती?"

मी तिला पाणी सांगितलं, शिटी सांगितली. फोन ठेवला आणि घड्याळ बघितलं. तुझ्या लेकीला खरं सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं, सुकलाल. तुझ्याकडे सोळा दिवाळ्या होत्या.